गाडीच्या तक्त्यावरील पिवळा दिवा



आजारी माणसाच्या घरीं वैद्य आला म्हणजे तो प्रथम नाडी पाहतो, मग चार प्रश्न विचारतो आणि त्यानंतरच औषधाचें नांव काढतो. घरांत पाऊल टाकतांच औषध हातावर ठेवणाऱ्या वैद्याला आपण दुसऱ्यांदा बोलावीत नाहीं. मोटारगाडीच्या बाबतींत मात्र हाच उलटा क्रम आपण निमूटपणें मान्य करतों. गाडीच्या तक्त्यावर एखादा दिवा लागतो, आपण घाबरून गॅरेज गांठतों, तेथें कोणी तरी “अमका भाग गेला, बदलावा लागेल” असें सांगतो आणि आपण खिशांत हात घालतों. भाग बदलला जातो. दिवा मात्र पुन्हा लागतो! असें कां होतें, आणि तें होऊं नये म्हणून गाडीच्या मालकानें स्वतः काय पाहावें, हें एका दिव्यापुरतें मी आज सांगणार आहें. तो दिवा म्हणजे अँटिलॉक ब्रेकचा, अर्थात् ज्यावर ‘ए. बी. एस.’ हीं तीन अक्षरें असतात तो, पिवळा दिवा.

प्रथम घरचीच हकीकत सांगतों. माझे मेहुणे निफाड तालुक्यांत द्राक्षाची बाग करतात. गेल्या आषाढांत त्यांच्या गाडीचा हा दिवा लागला. आठच दिवसांनीं माझ्या बहिणीच्या सासूबाईंना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं मुंबईस न्यावयाचें होतें. वाटेवर कसाऱ्याचा घाट, पावसाळ्याचे दिवस आणि गाडींत सत्तरी उलटलेली म्हातारी. एका गॅरेजमध्यें गाडी दाखविली, तेव्हां पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बदलण्यांत आला. दिवा विझला नाहीं. मग सांगण्यांत आलें कीं, या यंत्रणेचा मुख्य भागच निकामी झाला आहे आणि त्याला साठ हजारांवर खर्च येईल. मेहुणे मला म्हणाले, “दाजी, द्राक्षाचे पैसे अजून यायचे आहेत. दिवा तसाच ठेवून घाट उतरलों तर चालेल का?” या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं ही यंत्रणा मुळांत काय करते तें पाहिलें पाहिजे.

ओल्या फरशीवरून पाय घसरूं लागला म्हणजे आपण काय करतों तें आठवा. पाय जोंवर फरशीला धरून आहे तोंवर आपण हवे तिकडे वळूं शकतों. तो एकदां घसरला कीं तोल आपल्या हातीं राहत नाहीं, देह जाईल तिकडे जावें लागतें. चाकाचें अगदीं असेंच आहे. चाक फिरत असतांना टायरचा जो भाग जमिनीला टेकतो, तो त्या क्षणापुरता जमिनीवर स्थिर असतो आणि म्हणून जमिनीला घट्ट धरून ठेवतो. ब्रेक जोरानें दाबला व चाक फिरावयाचें थांबून नुसतें फरफटूं लागलें, कीं ही पकड सुटते. त्यांतही मोठा अनर्थ असा कीं, फरफटणारें पुढचें चाक कितीही वळवा, गाडी वळत नाहीं. समोर बैलगाडी दिसत असते, चालक स्टिअरिंग फिरवीत असतो, आणि गाडी सरळ बैलगाडीच्या रोखानेंच जात असते.

हें टाळण्याची युक्ति प्रथम विमानांसाठीं निघाली. १९५० नंतरच्या दशकांत विमानांच्या चाकांवर तिचा उपयोग होऊं लागला. मोटारींसाठीं विजेच्या सूक्ष्म उपकरणांवर चालणारी विश्वसनीय रचना जर्मनींतील बॉश कंपनीनें १९७८ सालीं बाजारांत आणली. सातपूरच्या ज्या कारखान्याला जुने नाशिककर अजून ‘मायको’ म्हणतात, तो याच कंपनीचा. अर्थात् नाशिकच्या कारखान्याचें नांव झालें तें डिझेल इंजिनाला लागणाऱ्या भागांमुळें, ब्रेकमुळें नव्हे. आपल्या देशांत ही यंत्रणा पुष्कळ वर्षें महागड्या गाड्यांचें भूषण होती. पुढें कायद्यानें ती सक्तीची झाली आणि २०१९ पासून नव्या मोटारींत व १२५ सी. सी. वरील नव्या मोटारसायकलींत ती असतेच असते. म्हणून हा पिवळा दिवा आतां श्रीमंतांचा राहिलेला नसून शेतकऱ्याच्या व शिक्षकाच्या गाडींतही आलेला आहे.

या यंत्रणेचे तीन अवयव लक्षांत ठेवावेत: डोळे, मेंदू आणि हात. प्रत्येक चाकापाशीं बसविलेला सेन्सर हा तिचा डोळा. चाकाबरोबर एक दांतेरी कडें फिरतें, किंवा अलीकडील बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या कडेलाच चुंबकाची एक पातळ पट्टी बसविलेली असते. तें कडें वा ती पट्टी सेन्सरसमोरून जातांना विजेचीं स्पंदनें उत्पन्न होतात. चाक जितकें वेगानें फिरेल तितकीं स्पंदनें अधिक. मेंदू, म्हणजे लहानसा संगणक, चारी चाकांचीं स्पंदनें सतत मोजून एकमेकांशीं ताडून पाहत असतो. तीन चाकें धांवत आहेत आणि चौथें अकस्मात् थांबूं लागलें आहे असें दिसतांच तो हातांना आज्ञा करतो. हात म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्यांवरील झडपा आणि एक पंप. त्या झडपा त्या चाकावरचा दाब क्षणभर सोडतात, धरून ठेवतात, पुन्हा देतात. आणि हें एका सेकंदांत अनेक वेळां घडतें. अशा वेळीं पायाखालीं पेडल थरथरतें व खरखर असा आवाज येतो. तो बिघाड नव्हे. पुष्कळ लोक त्या थरथरण्याला भिऊन पाय उचलतात, आणि ज्या क्षणीं यंत्रणा त्यांचा जीव वाचवीत असते त्याच क्षणीं तिला सोडून देतात. पेडल थरथरलें तर पाय घट्ट ठेवावा आणि गाडी वळवावयाची तिकडे वळवावी.

आतां दिव्याकडे वळूं. किल्ली फिरवितांच हा दिवा लागतो आणि दोनचार सेकंदांत विझतो. ही यंत्रणेची स्वतःची तपासणी होय. दिवा किल्ली फिरवितांना मुळींच लागला नाहीं, तर आनंद मानूं नये. तो दिवाच बिघडला आहे किंवा कोणीं तरी मुद्दाम बंद करून ठेवला आहे, असें समजावें. जुनी गाडी विकत घेतांना ही एक गोष्ट अवश्य पाहावी. आणि तो लागून विझलाच नाहीं, किंवा वाटेंत पुन्हा लागला, तर संगणकाला कांहीं तरी खटकलें आहे आणि त्यानें ही यंत्रणा बंद ठेवली आहे, एवढाच त्याचा अर्थ. साधे ब्रेक जसेच्या तसे शाबूत असतात. पूर्वीच्या गाड्यांना जसे ब्रेक होते तशी आपली गाडी तेवढ्यापुरती झाली, इतकेंच.

परंतु येथें एक भेद डोळ्यांत तेल घालून पाहिला पाहिजे. तक्त्यावर ब्रेकचा आणखी एक दिवा असतो, तो तांबडा. तो हॅण्डब्रेक ओढलेला असतां लागतो हें सर्वांस माहीत आहे. हॅण्डब्रेक सोडल्यावरही तांबडा दिवा जळत राहिला, तर ब्रेक ऑइल कमी झालें असण्याचा संभव असतो, आणि तें कोठें तरी गळत असेल. तांबडा आणि पिवळा असे दोन्ही दिवे एकदम लागले, तर पुढच्या व मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वांटून देण्याचें काम, जें पुष्कळ गाड्यांत याच संगणकाकडे असतें, तेंही बंद पडलें असावें. तेव्हां जोराचा ब्रेक लावतांच मागचीं चाकें आधीं अडकून गाडी गिरकी घेण्याचें भय असतें. तात्पर्य, नुसता पिवळा दिवा असेल तर सावकाश घरीं जावें. तांबडा असेल तर गाडी तेथेंच बाजूला घ्यावी.

बिघाड शोधण्याचें पहिलें साधन ना मीटर, ना स्कॅनर. तें आहे आपली स्मरणशक्ति. दिवा नेमका केव्हां लागतो? किल्ली फिरविल्यापासून तो जळतच राहत असेल, तर फ्यूज, तुटलेली तार, सैल जोडणी किंवा मंद बॅटरी यांपैकीं कांहीं तरी असावें. कारण उभ्या गाडींतही संगणकाला तारांची पारख करतां येते. किल्ली फिरवितांना दिवा नीट विझतो, पण गाडी थोडी वेगानें चालूं लागतांच पुन्हा लागतो, असें असेल तर तार बहुधा ठीक आहे. एखाद्या चाकाचीं स्पंदनें मात्र येत नाहींत. खड्ड्यांतून जातांनाच दिवा लागत असेल तर तार कोठें तरी हलत आहे. पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर लागत असेल तर जोडणींत पाणी शिरत आहे. आणि दिवा न लागतांही, द्वारका चौकाच्या रहदारींत अगदीं हळू थांबतांना पेडल उगाचच थरथरत असेल, तर एखादें दांतेरी कडें गंजलें वा तडकलें आहे. चाक मंदावतांच त्याचीं स्पंदनें लुप्त होतात, आणि संगणकाला वाटतें कीं चाक अडकलें.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा: दिवा लागण्यापूर्वीं गाडीला कोणाचा हात लागला होता काय? बेअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक पॅड, टायर यांपैकीं कशाचें काम झालें होतें? एका चाकाला निराळ्या मापाचा टायर बसविला, तर त्याचे फेरे इतरांशीं जुळत नाहींत आणि संगणक गोंधळतो. काम करतांना सेन्सरची तार ताणली जाते, किंवा जागच्या पकडींत न बसवितां लोंबती सोडली जाते, आणि मग टायरला घासून तुटते.

तिसरी पायरी डोळ्यांची. हातीं विजेरी घेऊन प्रथम ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी पाहावी, नंतर फ्यूज पाहावा, बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा गंज पाहावा आणि ब्रेक दाबला असतां मागचे दिवे लागतात कीं नाहीं तें पाहावें. कारण पेडलजवळील लहानसा स्विच बिघडला तरीही कित्येक गाड्यांत हा पिवळा दिवा लागतो. मग चारी चाकांच्या आंत पाहावें. आपल्या जिल्ह्यांत या ठिकाणीं दोन शत्रु विशेष असतात. निफाड-पिंपळगांवकडची काळी माती ओली असतांना चाकाच्या आंत थापली जाते आणि वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते; इगतपुरी-त्र्यंबककडच्या धो धो पावसांत जोडण्यांत पाणी शिरून तांब्यावर हिरवा गंज चढतो. दुसरा शत्रु उंदीर. कांद्याच्या चाळीशेजारीं किंवा धान्याच्या कोठीजवळ उभ्या केलेल्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, हा पुष्कळांचा अनुभव आहे. चिखल काढून जागा स्वच्छ धुतली आणि जोडणी कोरडी केली, एवढ्यावरही अनेकदां दिवा विझतो, आणि त्याला एक कवडीही लागत नाहीं.

एवढ्यानें भागलें नाहीं तर स्कॅनर लावावा. स्टिअरिंगच्या खालीं सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. त्याला हें उपकरण जोडतां संगणकानें टिपून ठेवलेला बिघाडाचा संकेत वाचतां येतो. स्वस्तांतलीं उपकरणें बहुधा फक्त इंजिनाचे संकेत वाचतात. ब्रेकचे संकेत वाचणारें उपकरण आहे काय, हें आधींच विचारून घ्यावें. संकेत असा असतो: ‘सी ००३५’, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या वेगाविषयींची तक्रार. येथेंच बहुतेकांची चूक होते. ‘पुढचा डावा सेन्सर’ हे शब्द वाचतांच सेन्सर बदलला जातो. परंतु संकेत रोगाचें नांव सांगत नाहीं. तो केवळ कोठें दुखतें तें सांगतो. पोटांत दुखतें म्हणणाऱ्याचें पोट बदलावयाचें नसतें! त्या चाकाचा सेन्सर, त्याची तार, जोडणी, कडें, बेअरिंग आणि शेवटीं संगणक, इतक्यांपैकीं कोणीही दोषी असूं शकतो. आणि संगणकाची पाळी सर्वांत शेवटची. त्याची किंमत सर्वांत जास्त आहे म्हणून नव्हे, तर तारा, जोडण्या आणि कडीं चिखलापाण्यांत असतात व तो तसा नसतो म्हणून.

यानंतर चारी चाकांचा चालू वेग स्कॅनरवर पाहावा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकानें गाडी चालवावी आणि दुसऱ्यानें आंकडे पाहावेत; चालकानें स्वतः पाहूं नये. चारी आंकडे जवळ जवळ सारखे असले पाहिजेत. एक आंकडा शून्य असेल, किंवा मध्येंच कोसळून पुन्हा चढत असेल, तर चोर सांपडला. मीटर वापरणाऱ्यांसाठीं एक सूचना: जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्यें तारेचें वेटोळें असतें; त्याचा रोध बहुधा एक हजार ओहमच्या आसपास भरतो, आणि दोन्ही बाजूंचे रोध ताडून पाहिले म्हणजे दोष कळतो. नव्या पद्धतीच्या सेन्सरला संगणकाकडून वीज पुरविली जाते. त्याला रोध मोजण्याच्या खुणेवर मीटर लावूं नये, तो त्यानेंच बिघडण्याचा संभव असतो. त्याच्या जोडणीशीं वीज पोंचते कीं नाहीं, एवढेंच पाहावें.

आतां मेहुण्यांच्या गाडीकडे परत येऊं. आम्हीं गाडी एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांनीं गाडीला हात लावण्यापूर्वीं विचारलें, “साहेब, दिवा उभ्या गाडींत लागतो कीं चालू लागल्यावर?” चालू लागल्यावर, आम्हीं सांगितलें. “आणि दिवा लागण्याआधीं पुढच्या चाकाचें कांहीं काम झालें होतें का?” मेहुणे जरा आठवून म्हणाले, “हो, डाव्या चाकांतून घरघर येत होती म्हणून बेअरिंग बदललें होतें.” मिस्त्री नुसते हंसले. स्कॅनर लावून ते मेहुण्यांबरोबर एक फेरी मारून आले: तीन चाकांचा वेग पंचवीस, चौथ्याचा शून्य. सेन्सर नवा, तार अखंड, वीज पोंचत होती. मग त्यांनीं चाक उतरविलें, सेन्सर काढला, आणि त्याच्या भोंकांतून एक बारीक टांचणी बेअरिंगच्या कडेला लावून पाहिली. ती चिकटली नाहीं. बेअरिंगला दोन बाजू असतात. चुंबकाची पट्टी एकाच बाजूला असते, आणि ती बाजू सेन्सरकडे यावी लागते. आमच्या गाडींत बेअरिंग उलटें बसविलें गेलें होतें. चाक उत्तम फिरत होतें, घरघर थांबली होती. परंतु सेन्सरपुढें चुंबकच नव्हता. डोळा धडधाकट, पण समोर अंधार! दाबून काढलेलें बेअरिंग पुन्हा वापरीत नाहींत, म्हणून नवें आणून सुलटें बसविलें. संकेत पुसला, गाडी थोडी धांवली आणि दिवा विझला. जेथें साठ हजारांची भाषा चालली होती तेथें एका बेअरिंगाची किंमत व मजुरी एवढ्यावर काम झालें. पहिला सेन्सर मात्र फुकट गेला. तो कदाचित् कधींच बिघडलेला नव्हता.

मेहुण्यांच्या मूळ प्रश्नाचें उत्तर अद्याप राहिलें आहे: दिवा तसाच ठेवून घाट उतरावा काय? कसाऱ्याच्या घाटांत रेल्वेचा चढ सदतिसांत एक इतका आहे. कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनें जोडावीं लागतात, आणि घाट उतरण्यापूर्वीं ब्रेकची परीक्षा घेण्याची रेल्वेची शिस्त आहे. एवढें मोठें खातें उतरणीपूर्वीं थांबून ब्रेक पाहतें, तर आपणांस घाई कसली? शक्य असेल तर दिवा विझवूनच घाटांत जावें. अगदींच जाणें प्राप्त झालें, तर तांबडा दिवा लागलेला नाहीं याची खात्री करावी, पुढील गाडीपासून नेहमींच्या दुप्पट अंतर ठेवावें, खालच्या गिअरमध्यें उतरावें म्हणजे ब्रेक तापणार नाहींत, आणि ब्रेक एकदम न दाबतां चढत्या जोरानें दाबावा. चाक फरफटूं लागल्याचें जाणवतांच पाय थोडा सैल करून पुन्हा दाबावा. यंत्रणा जें काम सेकंदांत अनेक वेळां करते तें आपल्या पायाला दोनतीन वेळां करतां येईल, एवढाच फरक. आणि ही यंत्रणा शाबूत असली तरीही ती चमत्कार करीत नाहीं, हेंही विसरूं नये. सुट्या खडीवर व वाळूवर तिच्यामुळें गाडी थांबावयास कधीं कधीं जास्तच अंतर लागतें, आणि गुळगुळीत झालेल्या टायरांना ती नवी पकड देऊं शकत नाहीं.

शेवटीं दोन निषेध. दिवा छळतो म्हणून त्याचा फ्यूज काढून ठेवणें किंवा त्यावर चिकटपट्टी लावणें, हा रोग्याचें तोंड बांधून त्याचें कण्हणें थांबविण्याचा प्रकार आहे. आणि ब्रेक ऑइलच्या नळ्या घरीं सोडूं नयेत. त्यांत हवा शिरली तर पिवळ्या दिव्याचें लहान दुखणें जिवावरचें होऊन बसेल. आपण पाहावें, विचारावें, आठवावें. नळ्यांचें काम जाणत्याच्या हातीं द्यावें.

त्या आषाढांत सासूबाई घाट उतरून मुंबईस गेल्या आणि डोळे नीट करून परत आल्या. त्यांना या सर्व खटपटीची कांहींच कल्पना नव्हती. परत येतांना घाटांत धुकें होतें, पाऊस होता, आणि नव्या डोळ्यांनीं तक्त्याकडे पाहून त्या मेहुण्यांना म्हणाल्या, “मघापासून एकही दिवा लागलेला नाहीं रे, बिघडलें तर नाहीं ना?” मेहुण्यांनीं गाडी कडेला थांबविली आणि किल्ली पुन्हा फिरवून तो दिवा लागतांना व विझतांना त्यांना दाखविला. आपणही उद्यां सकाळीं गाडी सुरू करतांना तेवढें एकदां पाहावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.